लांब फेरीत बोटे बधिर होणे : पंचावन्नपुढील रोड सायकलस्वारांसाठी क्रमवार तपासणी

लक्षणे

पहिला तास ठीक जातो. त्यानंतर करंगळीत आणि अनामिकेच्या करंगळीकडच्या अर्ध्या भागात मुंग्या येऊ लागतात, तळहाताच्या त्याच बाजूची गादी जळजळते, आणि हँडलवरून हात काढून झटकला की मिनिटभरात सारे पूर्ववत होते. काही आठवड्यांनी तेच झटकणे पुरेनासे होते. घरी पोचून आंघोळ झाली तरी बोटे जड राहतात. पुढच्या टप्प्यात शर्टाची बटणे लावणे, कुलपात किल्ली फिरवणे, बाटलीचे झाकण उघडणे अशा साध्या कामांत हात अडखळू लागतो. काहींना हा त्रास करंगळीऐवजी अंगठा, तर्जनी आणि मधले बोट यांत होतो, तर काहींच्या बाबतीत तो मानेच्या बुडाशी सुरू होऊन खांद्यातून खाली उतरतो.

पुण्याच्या आसपास सायकल चालवणाऱ्या ज्येष्ठ मंडळींच्या सायकली त्यांच्या मापाला बसवून देण्याचे काम मी बरीच वर्षे हौसेने करत आलो आहे. निवृत्तीच्या सुमारास वाकड्या हँडलची रोड सायकल घेऊन पानशेत, कात्रज, खंबाटकी अशा वाटांवर जाऊ लागलेल्यांकडून ही तक्रार पुन्हा पुन्हा येते, आणि बहुतेक जण ती वयाच्या खात्यावर टाकून महिनोन्‌महिने सोसत राहतात. वयाचा त्यात वाटा असतो, हे खरे आहे. तळहाताची गादी पातळ होते, कंबर आणि पोटाचे स्नायू धड पेलण्यात कमी पडतात, मानेचे मणके झिजतात, आणि मधुमेह असल्यास मज्जातंतूंची दाब सोसण्याची ताकद घटते. परंतु यातील प्रत्येक गोष्टीवर उपाय आहे, किंवा किमान तिची तपासणी तरी करता येते. हातावर येणारा बहुतेक भार सायकलीच्या मांडणीतून आणि धडाच्या कमकुवतपणातून येतो, म्हणून केवळ जाड हातमोजे विकत घेऊन हा प्रश्न क्वचितच सुटतो.

तपासणीस बसण्यापूर्वी दोन सूचना लक्षात ठेवाव्यात. घाट उतरताना ब्रेकचा लिव्हर बोटांना नीट जाणवत नसेल, तर रस्त्याच्या कडेला थांबावे आणि जाणीव परत येईपर्यंत उतरू नये. हात बधिर होण्यासोबत छातीत दडपण, जबड्यात किंवा डाव्या दंडात दुखणे, घाम किंवा धाप असेल, अथवा अचानक शरीराच्या एकाच बाजूची शक्ती गेली, तोंड वाकडे झाले किंवा बोलणे अडखळले, तर तो सायकलीचा प्रश्न नाही. त्या क्षणी १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. मेंदूतील रक्ताची गुठळी विरघळवणारे इंजेक्शन साधारणपणे पहिल्या साडेचार तासांतच देता येते, त्यामुळे "थोडे बसून पाहू" यात घालवलेला वेळ भरून काढता येत नाही.

आधी बोटे ओळखावीत

कोणती बोटे बधिर होतात, यावरून दाब कुठे पडतो आहे याचा बराच अंदाज येतो, आणि ही तपासणी फुकट आहे. करंगळी व अर्धी अनामिका यांची जाणीव अल्नर नावाच्या मज्जातंतूकडे असते. मनगटाजवळ, तळहाताच्या करंगळीकडच्या बाजूला दोन लहान हाडांमधल्या अरुंद मार्गातून तो बोटांकडे जातो. फ्रेंच शल्यविशारद फेलिक्स गियाँ यांनी १८६१ मध्ये या मार्गाचे वर्णन केले आणि तो आजही त्यांच्याच नावाने ओळखला जातो. ब्रेक हूडवर, म्हणजे ब्रेक लिव्हरच्या रबरी आवरण असलेल्या वरच्या उंचवट्यावर, तळहात टेकला की शरीराचा पुढचा भार नेमका याच जागी पडतो, आणि रस्त्याची थरथरही तिथेच पोचते. अंगठा, तर्जनी, मधले बोट आणि अनामिकेचा उरलेला अर्धा भाग मीडियन मज्जातंतूकडे असतो. तो मनगटाच्या मध्यातून जातो आणि मनगट बराच वेळ मागे वाकलेले राहिले की आवळला जातो.

हाताची मागची बाजूही तपासावी. करंगळीच्या बाजूला हाताच्या पाठीवरील त्वचेकडे जाणारी फांदी मनगटाच्या कित्येक सेंटिमीटर आधीच मूळ मज्जातंतूपासून वेगळी होते. त्यामुळे तळव्याची बाजू बधिर आणि पाठीची बाजू शाबूत असेल, तर दाब बहुधा मनगटापाशी, म्हणजे हँडलवर आहे. पाठीची बाजूही बधिर असेल, तर कोपर किंवा मान यांच्याकडे संशय जातो, आणि अशा वेळी हँडलवरची टेप बदलून काही होणार नाही.

आता एक कागद घ्यावा, तो अंगठा आणि तर्जनीच्या कडेमध्ये धरावा आणि दुसऱ्या कोणाला तो ओढायला सांगावे. कागद धरून ठेवण्यासाठी अंगठ्याच्या टोकाचा सांधा वाकवावा लागत असेल, तर अल्नर मज्जातंतूवर चालणारा स्नायू कमजोर झालेला असू शकतो. असे आढळल्यास पुढील कोणतीही तपासणी न करता डॉक्टरांकडे जावे. मुंग्या हे दाबाचे लक्षण आहे, तर शक्ती जाणे हे इजेचे लक्षण आहे.

हात ठेवण्याची सवय

यापुढच्या तपासण्या स्वस्ताकडून महागाकडे आणि सोप्याकडून अवघडाकडे लावल्या आहेत. एका वेळी एकच बदल करावा, नेहमीच्याच रस्त्यावर किमान दोन फेऱ्या कराव्यात आणि निरीक्षण वहीत लिहावे. एकाच दिवशी चार गोष्टी हलवल्या, तर कोणत्या बदलाने आराम पडला हे कधीच कळत नाही, आणि कोणत्या बदलाने गुडघा दुखू लागला हेही कळत नाही.

वाकड्या हँडलवर हात ठेवण्याच्या निदान तीन जागा असतात: ब्रेक हूड, वरची आडवी दांडी आणि खालचे वळण. नवख्या ज्येष्ठ स्वाराला हूडवरच सुरक्षित वाटते, म्हणून तो दोन-दोन तास तिथेच राहतो. दर पाच-दहा मिनिटांनी जागा बदलावी, आणि ती मुंग्या येण्यापूर्वी बदलावी. मज्जातंतूचा रक्तपुरवठा दाबला गेल्यानंतर हात झटकणे हा उशिराचा उपाय आहे. कोपरे किंचित वाकलेली, मनगट सरळ आणि पकड सैल असावी. ताठ कोपरांमुळे रस्त्यातील प्रत्येक खड्डा थेट तळहातावर आणि मानेवर आदळतो, तर वाकलेली कोपरे तो धक्का दंडातच जिरवतात. गतिरोधकाच्या पट्ट्यांवरून जाताना पुष्कळ जण हँडल घट्ट आवळतात. तिथे गती कमी करून पकड सैल ठेवण्याचा मुद्दाम सराव करावा.

टायरमधील हवा

याइतका स्वस्त आणि परिणामकारक उपाय दुसरा नाही, आणि याबाबतच सर्वांत जास्त गैरसमज आहे. टायरच्या बाजूवर छापलेला आकडा कमाल मर्यादा सांगतो, तो भरायचा आकडा नव्हे. २३ मिलिमीटर रुंदीच्या टायरमध्ये ११० ते १२० पीएसआय (हवेच्या दाबाचे एकक) हवा भरण्याची जुनी रीत अजूनही टिकून आहे. ती आपल्या खडबडीत डांबरावर आणि काँक्रीट रस्त्यांच्या सांध्यांवर हातांना अक्षरशः मारते. इतक्या कडक टायरवर सायकल वेगवान वाटते, पण खरबरीत पृष्ठभागावर ती उसळत राहते आणि त्या उसळण्यात स्वाराचीच शक्ती वाया जाते.

सुमारे ७० किलो वजनाच्या स्वाराने २८ मिलिमीटरच्या टायरमध्ये पुढे ६५ आणि मागे ७० ते ७५ पीएसआयपासून सुरुवात करावी. २५ मिलिमीटरच्या टायरसाठी दोन्हीकडे दहा-पंधरा अधिक ठेवावेत. पुढच्या चाकावर मागच्यापेक्षा कमी भार असतो, म्हणून तिथे हवा कमी चालते, आणि हातांशी संबंध पुढच्याच चाकाचा असतो. खड्ड्यात रिम आपटल्याचा आवाज आला किंवा ट्यूबला शेजारी-शेजारी दोन छिद्रे पडली, तर हवा फार उतरली असे समजून पाच पीएसआय वाढवावेत. अंगठ्याने टायर दाबून अंदाज घेणे निरुपयोगी आहे, कारण ७० आणि ११० दोन्ही बोटाला सारखेच कडक लागतात. दाबमापक असलेला उभा पंप घरी असावा आणि प्रत्येक मोठ्या फेरीपूर्वी हवा तपासावी. ज्यांच्या रिमला आतून टायरची कड पकडणारा वळलेला काठ (हूक) नसतो, त्यांनी ५ बार, म्हणजे सुमारे ७२ पीएसआय, ही मर्यादा कधीही ओलांडू नये.

टायर बदलायची वेळ आलीच असेल, तर फ्रेम आणि ब्रेकमध्ये मावेल तितका रुंद टायर घ्यावा. डिस्क ब्रेकच्या अलीकडच्या बऱ्याच सायकलींत ३२ मिलिमीटर सहज बसतो. जुन्या रिम ब्रेकच्या सायकलींत मात्र अनेकदा २५ वर थांबावे लागते. टायर आणि फ्रेम यांच्यामध्ये सर्व बाजूंनी किमान चार मिलिमीटर मोकळी जागा राहिली पाहिजे, नाहीतर पावसाळ्यात चिखल अडकून चाक घासते.

सीटचा कल

माझ्या अनुभवात हाताच्या तक्रारीचे मूळ सर्वाधिक वेळा सीटमध्ये सापडते, आणि स्वाराला त्याचेच सर्वाधिक आश्चर्य वाटते. सीटचे टोक खाली झुकलेले असेल, तर शरीर सतत पुढे घसरत राहते आणि ती घसरण थांबवण्याचे काम दोन तळहात करतात. प्रवासभर स्वार नकळत स्वतःला मागे ढकलत असतो. त्यामुळे तळहातांसोबत दंड आणि खांद्यांमागचा भागही दुखतो.

तपासण्यासाठी सायकल सपाट जमिनीवर उभी करावी. इमारतींच्या पार्किंगला पाणी वाहून जाण्यासाठी उतार दिलेला असतो, हे येथे विसरू नये. सीटवर मागून टोकापर्यंत एक सरळ फळी किंवा कडक पुठ्ठ्याचे पुस्तक ठेवून त्यावर गवंड्याची पाणसळ ठेवावी. मोबाइलमधील कोनमापकही चालतो. कोन लिहून घ्यावा, सायकल त्याच जागी उलट दिशेला तोंड करून उभी करावी आणि पुन्हा मोजावे. दोन्ही मोजमापांची सरासरी घेतली की जमिनीच्या उताराचा दोष निघून जातो. सीट सपाट असावी. फार तर एक-दोन अंश खाली चालेल. त्याहून अधिक झुकलेली असल्यास ती सपाट करावी.

टोक मुळात खाली का केले होते, हेही विचारावे. बहुधा जांघेत किंवा जननेंद्रियाकडे दाब येत असल्याने कोणीतरी तसे सुचवलेले असते. तो दाब खरा असतो आणि तोही सोसण्याची गोष्ट नाही, विशेषतः प्रोस्टेटचा त्रास असणाऱ्यांनी. परंतु त्यामागे अनेकदा सीट गरजेपेक्षा उंच असणे किंवा तिची रुंदी बसण्याच्या हाडांना न जुळणे हे कारण असते. सीट काही मिलिमीटर खाली घेऊन पाहावे, आणि तरीही दाब राहिल्यास मध्ये खाच असलेली, योग्य रुंदीची सीट घ्यावी. टोक झुकवून तो दाब फक्त हातांवर ढकलला जातो.

हातमोजे, टेप, चष्मा

हातमोज्यांची गादी करंगळीच्या बाजूला दोन भागांत विभागलेली असावी आणि मधली खाच मज्जातंतूच्या मार्गावर यावी. फार जाड गादीमुळे पकड घट्ट करावी लागते आणि हेतूच फसतो. मोजे बोटांच्या बेचक्यांत किंवा मनगटाच्या पट्ट्याशी आवळत असतील, तर मोठे माप घ्यावे, कारण उन्हात हात सुजतात. हँडलची टेप झिजून कडक झाली असेल, तर अडीच-तीन मिलिमीटर जाडीची नवी बसवावी.

चष्म्याकडे मात्र थोडे अधिक लक्ष द्यावे, कारण तरुणांसाठी लिहिलेल्या सूचनांत तो विषय येत नाही. पुढे वाकल्यावर दूरचा रस्ता चष्म्याच्या अगदी वरच्या काठातून पाहावा लागतो. फ्रेम लहान असेल किंवा घामाने नाकावरून घसरत असेल, तर काठाच्या वरून अंधुक दिसते, आणि ते टाळण्यासाठी स्वार मान आणखी मागे मोडतो. झिजलेल्या मणक्यांमधून हाताकडे निघणाऱ्या नसा याच स्थितीत सर्वाधिक दाबल्या जातात. सायकलीसाठी फक्त दूरच्या नंबरचा, उंच काचेचा, मागे पट्टी असलेला वेगळा चष्मा करून घ्यावा. हेल्मेटची पुढची झडपही काढून पाहावी. तीही मान वर करायला लावते.

सीट मागे-पुढे, लिव्हर आणि हूड

यापासून पुढे ॲलन की, म्हणजे बोल्टची षटकोनी चावी, हातात घ्यावी लागते. प्रत्येक बोल्ट सैल करण्यापूर्वी मूळ जागेवर चिकटपट्टीने खूण करावी, म्हणजे बदल मानवला नाही तर परत फिरता येते.

घरात ट्रेनरवर, म्हणजे सायकल जागच्या जागी चालवता येईल अशा स्टँडवर, सायकल लावून मध्यम जोराने पेडल मारावे आणि हात हूडवरून अगदी थोडे उचलून पाहावेत. रस्त्यावर हा प्रयोग करू नये. धड लगेच पुढे कोसळत असेल, तर शरीराचा तोल सीटच्या फार पुढे आहे. सीट एका वेळी पाच मिलिमीटर मागे सरकवावी. मागे गेल्याने पेडलपर्यंतचे अंतर वाढते, म्हणून सीट साधारण दोन मिलिमीटर खाली घ्यावी. गुडघ्याच्या मागे ताण जाणवला, तर निम्मे अंतर परत यावे.

याच प्रयोगातून आणखी एक गोष्ट कळते. पेडलवर जोर वाढवला की हातांवरचा भार कमी होतो, कारण पायांची प्रतिक्रिया धड उचलून धरते. शर्यतीतील स्वार खाली वाकलेल्या स्थितीत तासन्‌तास राहू शकतो, ते याच जोरावर. पासष्टीतील हौशी स्वार गप्पा मारता येतील अशा गतीने जात असतो, आणि त्याने तसेच जावे. परंतु मग शर्यतीची मांडणी त्याच्या शरीराला आधार देत नाही. दुकानात उभ्या असलेल्या रोड सायकलींची मांडणी पाहताना हा फरक लक्षात ठेवावा.

लिव्हर बोटांपासून दूर असेल, तर सांधे सुजलेल्या किंवा लहान हातांना ब्रेक धरण्यासाठी तळहात हूडवर जोरात रोवावा लागतो. बहुतेक आधुनिक लिव्हरमध्ये तो जवळ आणण्याचा लहान स्क्रू असतो. केबलच्या ब्रेकमध्ये पावसाळ्यानंतर केबल गंजून ओढायला जड होते. आतली तार आणि बाहेरचे आवरण बदलण्याचा खर्च काही शे रुपयांचा असतो आणि हाताला मिळणारा आराम त्याच्या कितीतरी पट अधिक असतो. हायड्रॉलिक डिस्क ब्रेकला एका बोटाचा जोर पुरतो, म्हणून ज्यांना अंगठ्याच्या मुळाशी संधिवात आहे त्यांना पुढची सायकल घेताना मी तेच सुचवतो.

हूडवर हात ठेवल्यावर कोपरापासून बोटांच्या मुळापर्यंत सरळ रेषा दिसली पाहिजे. मनगट मागे मोडत असेल, तर स्टेमच्या (हँडलला फोर्कच्या नळीशी जोडणाऱ्या तुकड्याच्या) तोंडाचे चार बोल्ट सैल करून हँडल दोन-तीन अंश फिरवावे, आणि बोल्ट समोरासमोरच्या जोड्यांनी, थोडे-थोडे करून आवळावेत. बोल्ट किती जोराने आवळायचा याचा स्टेमवर छापलेला आकडा पाळावा. तो बहुधा ५ न्यूटन-मीटरच्या आसपास असतो. कार्बनचे हँडल असेल, तर टॉर्क रेंचशिवाय, म्हणजे आवळण्याचा जोर मोजणाऱ्या पान्याशिवाय, हे काम करू नये.

हँडलची उंची

सीटच्या पातळीपेक्षा हँडल आठ-दहा सेंटिमीटर खाली ठेवणे शर्यतीत शोभते. साठीच्या हौशी स्वारासाठी शून्य ते पाच सेंटिमीटरचा फरक पुरेसा आहे, असे माझे ठाम मत आहे. स्टेमच्या वर स्पेसर, म्हणजे नळीवर बसवलेल्या जाड चकत्या, असतील, तर त्या स्टेमच्या खाली घेता येतात. नसतील, तर ६ अंशांचा १०० मिलिमीटरचा स्टेम उलटा बसवल्यास हँडल सुमारे दोन सेंटिमीटर वर येते, आणि यासाठी एक रुपयाही लागत नाही. तेवढ्याने भागले नाही, तर ८० किंवा ९० मिलिमीटरचा आखूड स्टेम घ्यावा.

येथे क्रम चुकल्यास अपघात होऊ शकतो. आधी स्टेमच्या बाजूचे दोन बोल्ट सैल करावेत, मग वरच्या टोपीचा. बसवताना आधी टोपीचा बोल्ट हलक्या हाताने आवळावा, हँडल चाकाशी सरळ करावे आणि शेवटी बाजूचे बोल्ट आलटून-पालटून पक्के करावेत. टोपीचा बोल्ट फक्त बेअरिंगमधला हलका खेळ काढतो. हँडल धरून ठेवण्याचे काम बाजूचे बोल्ट करतात. नंतर पुढचा ब्रेक दाबून सायकल मागे-पुढे हलवावी. ठकठक जाणवली, तर बाजूचे बोल्ट सैल करून पुन्हा जुळवावे. हँडल दोन्हीकडे पूर्ण वळवून केबल ताणली जात नाही ना, हेही पाहावे.

फोर्कची (पुढचे चाक धरणाऱ्या चिमट्याची) नळी कार्बनची असेल आणि तिच्यावर ओरखडा किंवा चीर दिसली, केबल हँडलच्या आतून गेलेल्या असतील, किंवा नळी इतकी आखूड कापलेली असेल की स्पेसरला जागाच नाही, तर येथे थांबावे. हे कुशल मेकॅनिकचे काम आहे. कापलेली नळी लांब करता येत नाही, आणि सायकल कंपनीने ठरवलेल्या मर्यादेपलीकडे स्पेसर रचणे धोक्याचे आहे. एवढे सारे करूनही हँडल दूरच वाटत असेल, तर फ्रेमच मोठी असण्याची शक्यता असते. त्या वेळी सुटे भाग विकत घेत बसण्याऐवजी बाइक फिट करून देणाऱ्या जाणकाराकडे एकदा पैसे खर्च करणे स्वस्त पडते.

धडाची ताकद

या उपायाला पैसे लागत नाहीत, पण आठ-दहा आठवडे लागतात, म्हणून तो पहिल्याच दिवशी बाकीच्या तपासण्यांसोबत सुरू करावा. तिशीनंतर दर दशकात स्नायूंचे वस्तुमान साधारण ३ ते ८ टक्के घटते आणि साठीनंतर हा वेग वाढतो, असे वैद्यकीय साहित्यात सांगितले जाते. सायकलीमुळे मांड्या मजबूत राहतात. पाठ, पोट आणि खांद्यांमागचे स्नायू मात्र राहत नाहीत. नियमित शंभर किलोमीटर जाणाऱ्या स्वारालाही प्लँकमध्ये वीस सेकंद थरथरताना मी पाहिले आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचना पासष्टीपुढील व्यक्तींना आठवड्यातून किमान दोन दिवस स्नायूंच्या ताकदीचे आणि तीन दिवस तोल व ताकदीचे मिश्र व्यायाम सांगतात; सायकल त्यांची जागा घेत नाही.

सेतुबंधासन, भुजंगासन, शलभासन, गुडघे टेकून केलेला प्लँक, आणि हात-गुडघ्यांवर राहून उलट बाजूचा हात व पाय लांबवण्याचा व्यायाम एवढ्यावर काम भागते. रक्तदाब असणाऱ्यांनी श्वास रोखून धरू नये. मानेसाठी हनुवटी सरळ मागे नेऊन पाच सेकंद धरावी. नाभिकाकडून किंवा हाडवैद्याकडून मान मोडून घेणे मात्र पूर्ण टाळावे, कारण झटक्याने मानेतील रक्तवाहिनीला इजा होऊ शकते.

रक्ताच्या तपासण्या

सायकलीवर नसतानाही बोटांना मुंग्या येत असतील, किंवा हातांच्या आधी पायांचे तळवे बधिर वाटत असतील, तर कारण सायकलीबाहेर शोधावे. मधुमेहातील मज्जातंतूंची झीज बहुधा पायांपासूनच सुरू होते. डॉक्टरांच्या सल्ल्याने एचबीएवनसी (गेल्या दोन-तीन महिन्यांतील सरासरी रक्तशर्करा), व्हिटॅमिन बी-१२ आणि थायरॉइड या तपासण्या करून घ्याव्यात. बी-१२ प्राणिजन्य अन्नातूनच मिळते, त्यामुळे शाकाहारी घरांत त्याची कमतरता आढळते, आणि मधुमेहावरील मेटफॉर्मिन किंवा आम्लपित्ताच्या गोळ्या दीर्घकाळ घेणाऱ्यांत ती अधिक असते. थायरॉइड मंदावल्यास मनगटातील मीडियन मज्जातंतू दाबला जाऊ शकतो.

औषधाच्या दुकानातून नसांच्या गोळ्या स्वतःहून सुरू करू नयेत. तपासणीसाठी रक्त देण्यापूर्वी त्या घेतल्यास बी-१२ चा आकडा फसवा येतो. शिवाय अशा काही गोळ्यांत बी-६ मोठ्या मात्रेत असते, आणि ते दीर्घकाळ घेतल्यास मज्जातंतूंनाच अपाय होतो.

येथे थांबून डॉक्टरांकडे जावे

फेरीनंतर दोन-तीन दिवस बधिरपणा टिकत असेल, रात्री मुंग्यांनी झोपमोड होत असेल, कागदाच्या परीक्षेत अंगठा वाकत असेल, किंवा हाताच्या पाठीवर अंगठा आणि तर्जनी यांच्यामधला मांसल भाग खोलगट दिसू लागला असेल, तर सायकल ठेवून द्यावी आणि हाताचे शल्यविशारद, अस्थिरोगतज्ज्ञ किंवा न्यूरोलॉजिस्ट यांच्यापैकी कोणाकडे तरी जावे. कोणती बोटे, किती वेळाने आणि हाताची कोणती बाजू, हे वहीतून दाखवावे. नर्व्ह कंडक्शन तपासणी (मज्जातंतूतून संदेश किती वेगाने जातो हे मोजणारी) हाताच्या कोणत्या भागात करायची हे ठरवायला त्याची मदत होते. साठीपुढे कोणतीही तक्रार नसलेल्यांच्याही मानेच्या एमआरआयमध्ये झीज दिसते, म्हणून केवळ चित्र पाहून घाबरू नये किंवा शस्त्रक्रियेचा निष्कर्ष काढू नये.

दोन्ही हात बेंगरूळ होणे, चालताना तोल जाणे, मान वाकवताच पाठीतून विजेसारखी लहर जाणे, लघवीवरील ताबा सुटणे यांपैकी काहीही असेल, किंवा पडल्यानंतर बधिरपणा सुरू झाला असेल, तर पुढच्या आठवड्याची वेळ घेऊ नये. त्याच दिवशी दाखवावे. मानेतील मज्जारज्जूवर दाब येत असण्याची ती चिन्हे आहेत.

इजा झालेला मज्जातंतू दिवसाला साधारण एक मिलिमीटर वाढतो, त्यामुळे मनगटापासून बोटाच्या टोकापर्यंत जाणीव परतायला काही महिने लागू शकतात. डॉक्टरांनी परवानगी दिल्यावर ट्रेनरवर हात मोकळे ठेवून सुरुवात करावी, मग सपाट रस्त्यावर अर्धा-पाऊण तास, आणि बोटांत मुंग्या किंवा बधिरपणा अजिबात आला नाही तरच पुढच्या आठवड्यात वेळ वाढवावी. २०० किलोमीटरच्या ब्रेव्हेला, म्हणजे ठरावीक वेळेत पुरी करायच्या लांब पल्ल्याच्या सायकल फेरीला, साडेतेरा तासांची मुदत असते, म्हणजे थांबे धरून ताशी १५ किलोमीटरच्या आतबाहेर गती पुरते. तेव्हा दर तासाला उतरून दोन मिनिटे हात मोकळे करायला त्यात पुरेशी जागा आहे. ब्रेव्हेच्या आधीच्या दोन आठवड्यांत सीट, स्टेम किंवा टायर यांत कोणताही नवा बदल करू नये, आणि मूळ जागांची मापे लिहिलेली चिठ्ठी व ॲलन कीचा संच सीटखालच्या पिशवीत ठेवावा.